खाल्लेलं पान

फाटकावर हातानं रंगवलेली पाटी:
'इथे झाडांना औषध मारत नाहीत.'
मी हसलो, मग हसू गिळलं.
एकतीस वर्षं पिंपळगावच्या बाजारपेठेत
माझं औषधाचंच दुकान होतं.
द्राक्षबागायतदार खिशातून पान काढून काउंटरवर ठेवायचा,
भोकं पडलेलं, कडा कुरतडलेली,
आणि काही न विचारता
मी मागच्या फळीकडे वळायचो.

खानगाव थडीला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेलेले.
ज्योत्स्ना गांगुर्डे, गाइड,
गळ्यात दुर्बीण, पायात भावाचे बूट,
म्हणाली,
"पाखरांसाठी उशीर केलात काका.
फुलपाखरांसाठी अगदी वेळेवर.
त्यांचं ऊन तापल्याशिवाय काही चालत नाही."

बाग म्हणजे काय,
गुंठा-दीड गुंठ्यात रुई, पानफुटी, कढीपत्ता, बेल,
खुळखुळ्याच्या वाळल्या शेंगा,
आणि फुलांपेक्षा जास्त
भोकं.

"ही रुई. मारुतीला घालतात ना, तीच.
शुक्रवारी संध्याकाळी सासूबाई हारासाठी पानं मागतात.
मी म्हणते, गावात दुसरीकडे बघा."
तिनं पान उलटं केलं.
काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी
कडेकडेनं खात होती,
घाई नाही, चोरी नाही,
आपल्या घरी बसून जेवावं तशी.

माझ्या तोंडात आपोआप आकडा आला:
दहा लिटरला पाच मिली.
बाहेर पडू दिला नाही.

"जितकं पान खाल्लेलं, तितकं आमचं पीक,"
ज्योत्स्ना सांगत होती, दुसऱ्या कुणाला तरी,
चांदवडच्या शाळेतली पोरं आली होती.
मी कढीपत्त्यापाशी वाकून राहिलो.
फांदीला एक कोष,
पाठीमागून एकच रेशमाचा धागा,
खांबावर चढलेला वायरमन
दोराला पाठ टेकून उभा राहतो, तसा.
आत काय काम चाललंय
खालून कळत नाही.

मग मनोरा. मग पाणी.
हळदीकुंकू बदकं, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका,
हे नाव ज्यानं ठेवलं
त्याच्या घरात नक्की कुणीतरी वाण लुटत असणार.
पाणवनस्पतींवरून जांभळ्या पाणकोंबड्या
चिखलात साडी धरून चालल्यासारख्या.
पोरं ओरडली, ज्योत्स्नानं बोट ओठांवर ठेवलं,
कडवेच्या अंगानं एक अख्खा थवा उठला
आणि परत बसला, जरा पलीकडे.

तेवढ्यात तारेवरचा वेडा राघू झेपावला.
बागेतून येणारं पिवळं काहीतरी
चोचीत.
तारेवर दोनदा आपटलं.
एक पंख खाली आला, हळू,
त्याला खाली यायची
कसलीच सक्ती नसल्यासारखा.

मी ज्योत्स्नाकडे पाहिलं.
मला वाटलं तिचा जीव हळहळेल,
तीच तर राखते त्यांना सकाळ-संध्याकाळ.
ती वहीत लिहीत होती:
वेडा राघू, एक. कवडशी, एक.
"हे पण पीकच काका," म्हणाली,
आणि पुढच्या पानावर तारीख टाकली.

निघताना विचारलं,
"बागेतून काही न्यायचं नसतं ना?"
"नाही."
"खाली पडलेलं?"
ती पाण्याकडे बघू लागली, मुद्दामच.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झालेली.
गच्चीवरच्या कढीपत्त्यावर
गेल्या रविवारी मीच पंप मारला होता.
कुंडीपाशी उभा राहिलो.
पानं हिरवीगार, धडधाकट, एकाला ओरखडा नाही.
दुकानात अशी पानं
कुणी कधी दाखवायला आणली नव्हती.

"काय पाहिलंत दिवसभर?" शैलजानं विचारलं.
मी खिशातून रुईचं पान काढून
ओट्यावर ठेवलं.
तिनं चष्मा लावला,
उजेडात धरलं, उलटं-सुलटं केलं,
एकतीस वर्षं माझ्यासोबत काढलेली बाई,
म्हणाली,
"बरंच खाल्लंय की.
काय मारायचं याच्यावर?"

माझ्यामागे फळी नव्हती.
भिंत होती, कॅलेंडर होतं,
आणि भोकातून
तिचा एक डोळा
माझ्याकडे बघत होता.